रेपो दर ठरतो कसा आणि आपल्याला कळतं किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी रविवारी सकाळी कर्वेनगरातल्या एका वाचनालयात लोकांच्या कर्जाचे कागद बघून देतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं, की त्या आठवड्यात गर्दी दुप्पट होते आणि फोनवरही तेच प्रश्न येतात. अर्धे प्रश्न हप्त्याचे असतात. उरलेले अर्धे अस्सल पुणेरी: "हे ठरवतं कोण, आणि आम्हाला विचारतं कोण?" दोन्हींची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेपो दर गव्हर्नर ठरवतात की सरकार?

दोघंही नाही. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या दिवसांसाठी ज्या व्याजाने पैसे देते तो दर. तो सहा जणांची पतधोरण समिती मतदान करून ठरवते. जे बहुमत, तो निर्णय, आणि तो रिझर्व्ह बँकेवर बंधनकारक असतो. गव्हर्नर अध्यक्ष असले तरी त्यांचं मत एकच. तीन विरुद्ध तीन असा पेच पडला तरच त्यांना दुसरं, निर्णायक मत मिळतं. ही व्यवस्था २०१६ साली रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून आली आणि पहिली बैठक ३ व ४ ऑक्टोबर २०१६ला झाली. त्यात सहाही जणांनी दर ६.५० वरून ६.२५ टक्के करायला मत दिलं होतं.

२. हे सहा जण कोण? त्यांना नेमतं कोण?

तिघं आतले: गव्हर्नर, पतधोरणाचं काम बघणारे डेप्युटी गव्हर्नर आणि रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाने नेमलेला एक अधिकारी. तिघं बाहेरचे, म्हणजे बहुधा अर्थतज्ज्ञ, आणि त्यांना केंद्र सरकार नेमतं. त्यांची मुदत चार वर्षांची आणि फेरनियुक्ती नाही. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. पुन्हा नेमणूक होणारच नसेल तर कुणाला खूश ठेवायचं कारण उरत नाही.

निवडीसाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि तिच्यात गव्हर्नरही असतात. पण नेमणुका वेळेवर झाल्या नाहीत तर काय, याचा अनुभव २०२० साली आला. पहिल्या तिघांची मुदत संपली, नवीन नावं आली नाहीत आणि सप्टेंबरअखेरची बैठक पुढे ढकलावी लागली. गणपूर्तीला चार जण लागतात आणि आतले तर तिघंच. नावं जाहीर झाल्यावर बैठक ७ ते ९ ऑक्टोबरला झाली.

३. निर्णय नेमका कधी आणि कुठे कळतो?

बैठक साधारण दर दोन महिन्यांनी, तीन दिवसांची असते. (कायद्याने वर्षात किमान चार पुरेत.) शेवटच्या दिवशी सकाळी दहा वाजता गव्हर्नर थेट प्रक्षेपणात निवेदन वाचतात आणि समितीचा ठराव त्याच वेळी संकेतस्थळावर येतो. दुपारी पत्रकार परिषद होते. तिचंही शब्दांकन नंतर मिळतं. चौदाव्या दिवशी इतिवृत्त येतं. दर सहा महिन्यांनी पतधोरण अहवाल येतो. महागाई कशामुळे आहे आणि पुढच्या सहा ते अठरा महिन्यांत ती किती राहील, हे त्यात सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

आपण बहुतेक जण दहाच्या निवेदनावर थांबतो. खरा माल चौदाव्या दिवशी येतो, आणि तेव्हा वाहिन्यांना त्यात रस उरलेला नसतो.

४. कुणी कोणत्या बाजूने मत दिलं हे कळतं का?

कळतं, नावासकट. इतिवृत्तात समितीचा ठराव, प्रत्येक सदस्याचं मत आणि ते मत का दिलं याचं त्याचं स्वतःचं निवेदन, या तिन्ही गोष्टी द्याव्याच लागतात. बँकांविषयी आपण कितीही कुरकुर केली तरी या बाबतीत आपली पद्धत जगात बरीच मोकळी आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचं इतिवृत्त तीन आठवड्यांनी येतं आणि चर्चेत कोण काय म्हणालं ते त्यात नावानिशी नसतं. शब्दशः नोंदी पाच वर्षांनी खुल्या होतात.

उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२३पासून फेब्रुवारी २०२५पर्यंत रेपो ६.५० वर गोठलेला होता. बातम्या वाचणाऱ्याला वाटेल की आत सगळे एकाच मताचे होते. इतिवृत्तं वेगळंच सांगतात. बाहेरचे सदस्य जयंत वर्मा यांनी फेब्रुवारी २०२४मध्येच पाव टक्का कपातीला मत दिलं. जून २०२४मध्ये आशिमा गोयल त्यांच्याबरोबर आल्या आणि मतदान ४-२ झालं, ऑगस्टमध्येही तसंच. ऑक्टोबरमध्ये बाहेरचे तिघंही बदलले, तरी नव्यांपैकी नागेश कुमार कपातीच्या बाजूने होते. डिसेंबरमध्ये राम सिंह त्यांना मिळाले आणि पुन्हा ४-२. दोन महिन्यांनी, ७ फेब्रुवारी २०२५ला, कपात झालीच.

जून २०२५मध्ये दर एकदम अर्धा टक्का उतरला. तेव्हाही सौगत भट्टाचार्य यांचं मत पाव टक्क्याचं होतं. म्हणून कुणी विचारलं, "पुढे दर कमी होईल का हो?" की मी भविष्य सांगत नाही. विरोधी मतं किती आणि ती वाढतायत की घटतायत, एवढं बघायला सांगतो.

५. पूर्वीही असंच होतं का?

नाही. २०१६पर्यंत अंतिम निर्णय गव्हर्नरांचा एकट्याचा असे. २००५पासून तज्ज्ञांची एक सल्लागार समिती होती आणि २०११पासून तिच्या चर्चेचा गोषवारा प्रसिद्ध होऊ लागला, पण तो सल्लाच. गव्हर्नरांनी तो बाजूला ठेवला तरी चालत असे.

सी. डी. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या महाडजवळच्या नाते गावचे. त्यांच्या काळात (१९४३ ते १९४९) असली मतं छापून जाहीर करायची कल्पना कुणी मांडली असती, तर ती शिष्टाचाराला सोडून वाटली असती. मध्यवर्ती बँकेने गप्प राहावं, गूढ राहावं, हाच तेव्हा जगभरचा रिवाज होता. अमेरिकेतसुद्धा दर बदलल्याचं निवेदन बैठकीनंतर काढायला सुरुवात झाली ती १९९४ साली.

६. बैठकीच्या आधी टीव्हीवर "सूत्रांनी" सांगितलेलं खरं असतं का?

बहुतेक वेळा तो अंदाज असतो, सूत्र नसतं. निर्णयाच्या आधी सात दिवस आणि नंतर सात दिवस सदस्यांनी धोरणाबद्दल जाहीर बोलायचं नाही, असा मौनाचा नियम आहे. त्या काळात कुणाच्या तोंडी काही घातलेलं दिसलं तर दुर्लक्ष करा.

७. सरकारने दबाव आणला तर ते आपल्याला कळेल का?

कायद्यात एक वाट उघड ठेवली आहे: सरकारला आपलं म्हणणं समितीला लेखी कळवता येतं. बाकी वाटांबद्दल काय सांगणार! पण एक प्रसंग जाहीर आहे. जून २०१७मध्ये अर्थ मंत्रालयाने बैठकीआधी सदस्यांना भेटायला बोलावलं होतं. सगळ्या सदस्यांनी नकार दिला आणि गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी ते पत्रकार परिषदेत सांगितलं. त्या नकारापेक्षा तो उघडपणे सांगितला गेला, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

८. महागाई चार टक्केच का? आणि लक्ष्य चुकलं तर कुणाला जाब विचारतात?

लक्ष्य सरकार ठरवतं, रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून, पाच वर्षांसाठी. ऑगस्ट २०१६मध्ये ते चार टक्के ठरलं, वर-खाली दोन टक्क्यांची मोकळीक ठेवून. मार्च २०२१मध्ये तेच पुढे चालू ठेवलं. त्यानंतरच्या आढाव्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५मध्ये चर्चापत्र काढून लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. तुम्हाआम्हालाही लिहिता आलं असतं. माझ्या ओळखीत कुणी लिहिलं नाही, मीही नाही.

सलग तीन तिमाही सरासरी महागाई सहाच्या वर किंवा दोनच्या खाली राहिली, तर ते अपयश मानतात. खालची बाजूही मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तसं झालं तर रिझर्व्ह बँकेने सरकारला अहवाल द्यायचा: का चुकलं, काय उपाय करणार, किती काळात ताळ्यावर आणणार.

९. तो अहवाल कुठे वाचायला मिळेल?

मिळत नाही. २०२२ साली जानेवारी ते सप्टेंबर या तीन तिमाहींत महागाई सहाच्या वर राहिली. ३ नोव्हेंबर २०२२ला त्यासाठी समितीची खास बैठक झाली आणि पत्र सरकारला गेलं. गव्हर्नर शक्तिकांत दास यांचं म्हणणं होतं की पत्र ज्याला लिहिलं त्यानेच ते उघड करायचं की नाही ते ठरवावं. सरकारने संसदेत सांगितलं की ते जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही. माहिती अधिकारातही ते मिळालं नाही.

दोघांचंही म्हणणं कायद्याच्या अक्षराला धरून आहे, आणि नेमकं तिथेच मला खटकतं. दर पाव टक्का का हलवला याची सहा जणांची सहा निवेदनं आपण वाचू शकतो, पण नऊ महिने लक्ष्य का चुकलं याचं एक पत्र वाचू शकत नाही. इंग्लंडमध्ये असं पत्र खुलं असतं. एप्रिल २००७मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांना पहिल्यांदा ते लिहावं लागलं आणि ते लगेच लोकांनी वाचलं. त्याने पौंड काही कोसळला नाही.

१०. २०२० सालीसुद्धा महागाई सहाच्या वर होती. तेव्हा पत्र का गेलं नाही?

हा प्रश्न गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या एका विद्यार्थिनीचा. बरोबर पकडलं आहे. टाळेबंदीत एप्रिल आणि मे २०२०मध्ये बाजारात जाऊन किमती गोळा करता आल्या नाहीत, त्यामुळे त्या दोन महिन्यांचे आकडे अंदाजाने भरले गेले. समितीने ते आकडे म्हणजे मालिकेतला खंड आहे असं मानलं. खंड पडला की सलग तीन तिमाही उरत नाहीत, आणि अपयशही उरत नाही.

यात लपवाछपवी नाही. समितीने आपली भूमिका ठरावात लिहिली आहे. कारणही पटण्यासारखं आहे. तरी परीक्षार्थीनेच एक प्रश्न रद्द करावा, तसं काहीसं ते झालंच.

११. ठरलेली तारीख नसताना अचानक दर वाढू शकतो का?

हो. ४ मे २०२२ आठवत असेल. वेळापत्रकात बैठक जूनमध्ये होती. समिती २ ते ४ मे दरम्यान बसली आणि दुपारी दर ४.०० वरून ४.४० झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी मार्च २०२०मध्येही बैठक अलीकडे ओढून पाऊण टक्का कपात केली होती. अशा बैठकींनाही चौदा दिवसांत इतिवृत्ताचा नियम लागू आहेच.

१२. सीआरआर, डॉलरची खरेदी-विक्री हेही समितीच ठरवते का?

नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. समितीकडे फक्त रेपो दर. सीआरआर (बँकांनी ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा तो) रिझर्व्ह बँक स्वतःच्या अखत्यारीत ठरवते. जून २०२५मध्ये तो चार टप्प्यांत एक टक्क्याने उतरवण्याची घोषणा त्याच दिवशी, त्याच निवेदनात झाली, म्हणून सगळं एकच वाटलं. पण त्यावर मतदान नाही, सदस्यवार निवेदनं नाहीत. रुपया सावरायला किती डॉलर विकले, हा आकडा मासिक पत्रिकेत साधारण दोन महिन्यांनी येतो. त्यामागचा विचार येत नाही. इथला उशीर मला मान्य आहे. सट्टेबाजाला आपले पत्ते दाखवून कुणी खेळत नाही.

१३. रेपो पाव टक्का उतरला, तरी माझा हप्ता तेवढाच कसा?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. तीन गोष्टी तपासा.

कर्ज कशाला जोडलं आहे? १ ऑक्टोबर २०१९पासून बँकांची बदलत्या दराची नवीन घरकर्जं बाहेरच्या मापाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडावी लागतात. त्याआधीचं कर्ज एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर (हे दोन्ही दर बँक स्वतः काढते) असेल, तर रेपोची हालचाल तुमच्यापर्यंत झिरपत झिरपत येते. वाचनालयात २०१२चं कर्ज घेऊन आलेले लोक अजून भेटतात. ते बदलून घेता येतं, हे त्यांना बँकेने कधी आपणहून सांगितलेलं नसतं.

फेरनिश्चिती कधी? रेपोला जोडलेलं कर्ज असेल तर तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्याने लावावा लागतो. आज दर उतरला म्हणून उद्या हप्ता उतरत नाही.

हप्ता बदलला की मुदत? खरी मेख इथे आहे. दर बदलला की बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत ताणतात किंवा आखडतात. एप्रिल २०२२मध्ये ६.७५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५० लाख घेतले असते, तर हप्ता साधारण ३८,००० रुपये. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रेपो अडीच टक्के चढला. ९.२५ टक्क्यांनी ५० लाखांवर महिन्याचं व्याजच ३८,५००च्या वर जातं. म्हणजे हप्ता जैसे थे ठेवला, तर जवळपास सगळा व्याजातच जिरणार आणि मुद्दल हलणारच नाही. एका काकांचं कर्ज असंच वयाच्या ७३व्या वर्षापर्यंत लांबलं होतं. कळलं केव्हा, तर मुलीच्या शिक्षणासाठी दुसरं कर्ज मागायला गेले तेव्हा. बँकेने एक एसएमएस पाठवला होता म्हणे.

त्यानंतर, १८ ऑगस्ट २०२३ला, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते कर्जदाराला कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडू द्यायचं. बँकेच्या धोरणानुसार स्थिर दरावर जायचा पर्यायही द्यायचा होता, पण ऑक्टोबर २०२५पासून तो द्यायचा की नाही हे बँकेवर सोडलं आहे. शाखेत जाताना या परिपत्रकाची तारीख कागदावर लिहून न्या. काउंटरपलीकडचा सूर बदलतो.

१४. शेजाऱ्याचं कर्जही रेपोलाच जोडलेलं आहे. मग त्याचा दर कमी कसा?

रेपोच्या वर बँक स्वतःचं अंतर लावते. नवीन गिऱ्हाईक ओढायला ते अंतर कमी ठेवतात, जुन्यांचं तसंच राहतं. पतधोरण समितीचा इथे काही संबंध नाही. मंजुरीपत्रात "रेपो अधिक इतके टक्के" असं लिहिलेलं असतं, तो आकडा शोधा आणि बँकेकडे लेखी मागणी करा. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात असलं तर मागणी लवकर ऐकू जाते.

१५. माझं कर्ज सहकारी बँकेचं किंवा गृहवित्त कंपनीचं आहे. हेच नियम लागू?

रेपोला जोडण्याची सक्ती त्यांना नाही. त्यांचा दर त्या संस्थेच्या निर्णयाने हलतो. २०२३च्या परिपत्रकातले नियम (प्रश्न १३) मात्र त्यांनाही लागू आहेत.

१६. रुपी बँकेवर निर्बंध लादले तेव्हा मतदान झालं होतं का? त्याचं इतिवृत्त कुठे?

पेठांमधून येणारा हा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात अजून राग असतो. पुण्याच्या या सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२२मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. मधली साडेनऊ वर्षं ठेवीदार चकरा मारत होते. शेवटी ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदार पाच लाखांच्या विम्यात पूर्ण बसत होते. पण त्यावरच्या ठेवी असलेल्यांना आणि वाट बघत गेलेल्यांना या टक्केवारीचं काय?

उत्तर असं: हा देखरेखीचा निर्णय, पतधोरणाचा नव्हे. त्यासाठी पतधोरणासारखी समिती नाही, जाहीर मतदान नाही, चौदाव्या दिवसाचं इतिवृत्त नाही. आदेश आणि त्यातली कारणं जाहीर होतात, त्यामागची चर्चा नाही. बँकेची नाजूक अवस्था आधी उघड केली तर दारात रांग लागेल, हा युक्तिवाद खरा आहे. साडेनऊ वर्षांनंतरही तो तेवढाच खरा राहतो का, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

१७. माहिती अधिकारात रिझर्व्ह बँकेकडून काही मिळतं का?

मिळतं, पण चिकाटी लागते. बँकांच्या तपासणीचे अहवाल द्यायला रिझर्व्ह बँक नकार देत असे. आपलं आणि बँकांचं नातं विश्वासाचं आहे, ही सबब. १६ डिसेंबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. तरीही टाळाटाळ चालू राहिली आणि २०१९मध्ये न्यायालयाला पुन्हा खडसवावं लागलं.

नोटाबंदीचंही असंच. ८ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी, पंतप्रधानांच्या भाषणाच्या काही तास आधी, केंद्रीय मंडळाची बैठक झाली. तिचं इतिवृत्त माहिती अधिकारातून बाहेर यायला २०१९ उजाडलं. काळा पैसा बहुतांशी रोखीत नसून जमीन आणि सोन्यात आहे, ही संचालकांची नोंद त्यात होती. मंडळाने मंजुरी दिलीच, पण शंका घेतली गेली होती हे लोकांना सव्वादोन वर्षांनी कळलं. पतधोरण समितीला चौदा दिवस लागतात, ते यासाठी मोलाचे.

१८. मंडईत भाव दुप्पट आणि यांची महागाई दोन टक्के. आम्हाला कुणी विचारतं का?

महागाईचा आकडा रिझर्व्ह बँक काढत नाही, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढतं. २०१२चे भाव पाया धरून काढलेल्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन ४५ टक्क्यांहून जास्त होतं, म्हणून टोमॅटो-कांदा उतरला की अख्खा आकडा खाली येई, तुमचं भाडं आणि शाळेची फी वाढत असली तरी.

रिझर्व्ह बँक स्वतंत्रपणे घरोघरी विचारतेही: आज महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी, वर्षाने किती असेल? पतधोरणाच्या दिवशीच ते निष्कर्ष येतात आणि लोकांचा आकडा सरकारी आकड्याच्या वरच असतो. मी पाहिलेल्या फेऱ्यांत या पाहणीतली शहरं १९. त्यात मुंबई आहे, नागपूर आहे. पुणे नाही. पुणेकरांना मत विचारलं नाही, ही गोष्ट इतकी दुर्मिळ आहे की खरं तर तिची वेगळी नोंद व्हायला हवी.

१९. इतिवृत्त मराठीत मिळतं का? मोठं असेल तर कुठून वाचायचं?

इंग्रजी आणि हिंदीत मिळतं. सुरुवातीचा ठराव तुम्ही बातमीत वाचलेलाच असतो, तो सोडा. मतदानाचा तक्ता बघा. मग ज्याने विरोधात मत दिलं त्याचं निवेदन आधी वाचा, कारण त्याला आपली बाजू पटवायची असते आणि म्हणून तो सोपं लिहितो. त्यानंतर गव्हर्नरांचं. सहाही जण एकमताचे असतील, तर बाहेरच्या तिघांची निवेदनं शेजारी शेजारी ठेवा: निर्णय एक असला तरी कारणं क्वचितच एक असतात. चहाचा एक कप पुरतो. छापून आणलंत, तर रविवारी बरोबर बसून वाचू.